ह्युमॅनिस्ट विरुद्ध स्कोलॅस्टिक: भांडण देवावरून नव्हतं, मग कशावरून होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुस्तकात दिलंय की प्रबोधनकाळातल्या मानवतावाद्यांनी देवाच्या जागी माणसाला मध्यभागी आणलं आणि चर्चच्या स्कोलॅस्टिक विचाराविरुद्ध बंड केलं. पण पेट्रार्क तर श्रद्धाळू, इरॅस्मस स्वतः धर्मगुरू आणि व्हाल्ला चक्क पोपच्या नोकरीत. मग बंड केलं कोणी आणि कोणाविरुद्ध? आणि परीक्षेत लिहायचं काय?"

तुम्हाला शंका अगदी बरोबर जागी आलीय. मी बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातला युरोप शिकवतेय, आणि दरवर्षी निम्मा वर्ग हेच समीकरण घेऊन येतो की ह्युमॅनिस्ट, म्हणजे पुस्तकातले मानवतावादी, हे बुद्धिवादी आणि स्कोलॅस्टिक म्हणजे अंधश्रद्धाळू. मग मूळ कागद वाचायला दिले की पहिल्याच तासाला गोंधळ उडतो, कारण तर्काच्या बाबतीत स्कोलॅस्टिक मंडळी कितीतरी कडक निघतात आणि ह्युमॅनिस्ट लोक जास्त भावनेने, भक्तीने बोलताना दिसतात.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. देव मानायचा की नाही हा मुद्दाच नव्हता, दोन्हीकडची माणसं ख्रिस्ती होती आणि मनापासून होती. भांडण अधिकाराचं होतं. बायबलचा अर्थ लावायचा कोणी आणि कुठल्या साधनाने? स्कोलॅस्टिक म्हणायचे, तर्काने, आणि ज्याने युनिव्हर्सिटीत थिऑलॉजीचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, पूर्ण अभ्यास केलाय त्यानेच. ह्युमॅनिस्ट म्हणायचे, आधी ग्रीक आणि हिब्रू शिका, जुनी हस्तलिखितं काढून पडताळा, मग सिद्धांत मांडा. वरवर बघितलं तर हा अभ्यासक्रमाचा वाद वाटतो, पण त्याच्या पोटात किती दारूगोळा होता ते पुढे येईलच.

आधी स्कोलॅस्टिक पद्धत नीट समजून घेऊ, कारण आपल्या पुस्तकांमध्ये तिच्यावर फार अन्याय होतो. बाराव्या-तेराव्या शतकात पॅरिस, ऑक्सफर्डसारख्या युनिव्हर्सिटी उभ्या राहिल्या, ॲरिस्टॉटलचे ग्रंथ ग्रीक आणि अरबीतून लॅटिनमध्ये आले, आणि थिऑलॉजी हा एक शिस्तबद्ध विषय म्हणून शिकवला जायला लागला. मुख्य पाठ्यपुस्तक पीटर लोम्बार्डचं, चार भागांचं, ज्यात चर्चच्या जुन्या आचार्यांची मतं विषयवार लावलेली होती आणि जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे विद्यार्थ्याने वाद घालून मार्ग काढायचा. या पद्धतीचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे थॉमस अक्वायनस (1225 ते 1274). त्याच्या मोठ्या ग्रंथातला कुठलाही लेख उघडा, रचना तीच: प्रश्न, मग स्वतःच्या मताविरुद्धचे आक्षेप, मग एखादं उलटं वचन, मग स्वतःचं उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाला जबाब. मी वर्गात मुद्दाम "देव आहे का?" हाच लेख देते. त्यात अक्वायनस स्वतःच पहिला आक्षेप लिहितो की देव जर अपार चांगला असेल तर जगात वाईट असायलाच नको होतं, आणि दुसरा आक्षेप असा की जगातलं सगळं निसर्गाने आणि माणसाच्या इच्छेने समजावता येतं, मग देव मानायची गरज काय. तेराव्या शतकातला एक साधू नास्तिकाची बाजू इतकी स्वच्छ मांडतो आणि मग तिला उत्तर देतो! "प्रश्न विचारायला बंदी होती" हे वाक्य तुमच्या नोट्समध्ये असेल तर ते आजच खोडा.

"सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात" यावर ते वाद घालत बसायचे असंही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तो प्रश्न त्या शब्दांत कुठल्याही मध्ययुगीन पंडिताच्या ग्रंथात नाही, ती नंतरच्या काळातली टिंगल आहे. अनेक देवदूत एकाच जागी असू शकतात का असा प्रश्न अक्वायनसने घेतलाय, पण शरीर नसलेली वस्तू "जागेवर" असते म्हणजे नेमकं काय हे तपासायला तो घेतलाय, आणि तत्त्वज्ञानाच्या अंगाने तो फालतू अजिबात नाही.

मग ह्युमॅनिस्टांना एवढं खटकलं काय? इथे इटालियन कवी पेट्रार्कपासून (1304 ते 1374) सुरुवात करायला हवी. 1366 च्या सुमारास व्हेनिसमध्ये चार ॲरिस्टॉटलभक्त मित्रांनी त्याच्याबद्दल मत दिलं की माणूस सज्जन आहे पण विद्वान नाही. त्याला ते इतकं लागलं की त्याने स्वतःच्या अज्ञानावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, मी ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र वाचलंय, सद्गुण म्हणजे काय हे त्यातून कळतं, पण ते वाचून सद्गुणी व्हावंसं वाटत नाही, ती ओढ मला सिसेरो आणि सेनेका हे रोमन लेखक वाचून लागते. सत्य जाणण्यापेक्षा चांगल्याची इच्छा धरणं मोठं, हे त्याचं सरळ म्हणणं. आता बघा, यात धर्माविरुद्ध एक अक्षर नाही. उलट तक्रार अशी आहे की तुमची थिऑलॉजी माणसाला बदलत नाही, ती फक्त वादात जिंकायला शिकवते. पेट्रार्कचा आवडता ख्रिस्ती लेखक ऑगस्टीन होता, ज्याने स्वतःच्या मनातली घालमेल उघडी करून लिहिली, आणि पेट्रार्कला धर्माबद्दल लिहायचं ते तसंच हवं होतं.

या वळणाची माणसं पंधराव्या शतकात इटलीत शिक्षक, सेक्रेटरी, दरबारी पत्रलेखक म्हणून पसरली. शिकवायचे विषय ठरलेले: व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र. लक्षात घ्या, यादीत तर्कशास्त्र नाही आणि थिऑलॉजीही नाही. पॉल ऑस्कर क्रिस्टेलर या इतिहासकाराने विसाव्या शतकात हेच ठासून मांडलं की ह्युमॅनिझम हे काही एक तत्त्वज्ञान नव्हतं, तो एक शिक्षणाचा कार्यक्रम होता आणि स्कोलॅस्टिक विद्येच्या शेजारी, बऱ्याचदा एकाच इमारतीत, निमूटपणे नांदत होता. मला क्रिस्टेलर बहुतांशी पटतो, पण एक गोष्ट त्याच्याकडून हलकी पडते असं माझं मत आहे. शेजारी नांदणं तोपर्यंतच शक्य होतं जोपर्यंत व्याकरणवाले सिसेरो आणि व्हर्जिल सांभाळत होते, त्यांनी बायबल हातात घेतलं आणि शेजारधर्म तिथेच संपला.

ते पहिल्यांदा ताकदीने करणारा माणूस म्हणजे इटालियन भाषापंडित लोरेंझो व्हाल्ला (1407 ते 1457). त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं काम म्हणजे 1440 मध्ये त्याने "कॉन्स्टंटाइनचं दानपत्र" बनावट ठरवलं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेचा अधिकार पोपला दिला असं त्या कागदात होतं. व्हाल्लाने भाषेवरून दाखवलं की हे लॅटिन त्या काळाचं असूच शकत नाही, रोमन अधिकाऱ्यांना त्यात "सॅट्रॅप" (ही तर इराणी सुभेदारांची पदवी) म्हटलंय, तसं तेव्हा रोममध्ये कोण म्हणत होतं? तेव्हा तो नेपल्सच्या अल्फोन्सो राजाच्या पदरी होता आणि राजाचं पोपशी युद्ध चालू होतं, हेही विसरू नका, निव्वळ सत्यप्रेमातून हे झालं असं लिहिणं भाबडेपणाचं आहे. शिवाय निकोलस ऑफ क्युसाने, जो पुढे कार्डिनल झाला, त्याच दानपत्रावर काही वर्षं आधीच शंका घेतली होती.

पण आपल्या विषयासाठी व्हाल्लाचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. चर्चमध्ये जे लॅटिन बायबल चालायचं, व्हल्गेट, त्यातला नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा, मुळात ग्रीकमधला भाग) त्याने ग्रीक हस्तलिखितांशी ताडून बघितला आणि जिथे जिथे भाषांतर चुकलंय किंवा नकलाकाराने घोळ केलाय तिथे टिपणं लिहिली. त्याचा सूर असा की ज्या पंडिताला ग्रीक येत नाही त्याने नव्या करारातल्या संत पॉलच्या पत्रांवर भाष्य करायचं धाडस करावंच का, आणि यात त्याने अक्वायनसलाही सोडलं नाही. 1444 मध्ये नेपल्समध्ये त्याची धर्मन्यायालयापुढे चौकशी झाली, एका साधूशी झालेल्या वादातून, प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, नावाने चालणाऱ्या श्रद्धावचनातलं एकेक वाक्य एकेका प्रेषिताने रचलं ही समजूत त्याने नाकारली होती म्हणून. राजाने मध्ये पडून वाचवलं. आणि मग काही वर्षांतच पोप निकोलस पाचवा याने त्याला रोमला नोकरी दिली! तुमच्या प्रश्नातला "चक्क पोपच्या नोकरीत" हा भाग इथे येतो. पोपला उत्तम लॅटिन लिहिणारी, ग्रीकमधून भाषांतर करणारी माणसं हवी होती, रोमची मोठी लायब्ररी उभी करायची होती, आणि व्हाल्लापेक्षा चांगलं लॅटिन लिहिणारा मिळणं मुश्किल होतं.

याच व्हाल्लाला मरणाच्या काही महिने आधी, 7 मार्च 1457 ला, रोममध्ये डॉमिनिकन साधूंच्या सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा चर्चमध्ये अक्वायनसच्या उत्सवात भाषण द्यायला बोलावलं. समोर अक्वायनसच्याच पंथाचे साधू बसलेले. व्हाल्लाने त्याच्या पवित्र आयुष्याची भरभरून स्तुती केली, आणि मग शांतपणे सांगितलं की थिऑलॉजीत मात्र मी त्याला जुन्या आचार्यांच्या वर बसवणार नाही, कारण त्या आचार्यांनी तर्कशास्त्राची आणि ॲरिस्टॉटलच्या संज्ञांची भेसळ न करता पॉलच्या वाटेने लिहिलं. माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा या एका भाषणात आहे. बंडखोर नास्तिक तिथे कोणीच नाही, एक श्रद्धाळू भाषापंडित संताला नमस्कार करतोय आणि त्याची पद्धत नाकारतोय.

आता तुम्ही लगेच दोन रकाने करून माणसं वाटायला बसाल, म्हणून मध्येच पिको देल्ला मिरांदोलाचं नाव घेते. ह्युमॅनिस्टांमधला लाडका तरुण. 1485 मध्ये त्याचा मित्र एर्मोलाओ बार्बारो याने स्कोलॅस्टिक लेखकांना अडाणी, रानटी म्हटलं, तेव्हा पिकोने त्याला लांब पत्र लिहून स्कोलॅस्टिकांची बाजू घेतली की तत्त्वज्ञाला सुंदर भाषा लागत नाही, खरा विचार लागतो. आणि हे पत्र त्याने अत्यंत सुंदर, नटवलेल्या लॅटिनमध्ये लिहिलं, त्यामुळे तो नेमका कोणाच्या बाजूने होता यावर अभ्यासक आजही वाद घालतात. 1486 मध्ये त्याने 900 प्रबंधवाक्यं छापून रोममध्ये जाहीर वादाचं आव्हान दिलं, आणि जाहीर वाद ही तर पूर्णपणे स्कोलॅस्टिक पद्धत! पोप इनोसंट आठवा याने तो वाद होऊ दिला नाही. "मानवाच्या प्रतिष्ठेवरचं भाषण" म्हणून पाठ्यपुस्तकात जे येतं ते याच वादाची प्रस्तावना म्हणून लिहिलेलं होतं, हे फार कमी पुस्तकं सांगतात.

आता "ते परिस्थितीवर अवलंबून आहे" हा भाग, कारण तो सोडला तर उत्तर खोटं होईल. इटलीत युनिव्हर्सिटी म्हणजे मुख्यतः कायदा आणि मेडिसिन, थिऑलॉजी जास्त करून साधूंच्या मठांमधल्या शाळांत शिकवली जायची, त्यामुळे ह्युमॅनिस्ट आणि थिऑलॉजियन रोज एकमेकांच्या पायात येत नव्हते. पॅरिस, लूवेन (आजच्या बेल्जियममधलं), कोलोन (जर्मनीतलं) इथे चित्र वेगळं होतं. तिथे थिऑलॉजी फॅकल्टी सगळ्यात वरची, आर्ट्स फॅकल्टी ही तिची पायरी. पॅरिसच्या 1215 च्या नियमांप्रमाणे पस्तिशीच्या आत कोणाला थिऑलॉजी शिकवता येत नव्हती, इतका लांबचा रस्ता होता तो. अशा ठिकाणी खालच्या पायरीवरचा व्याकरणाचा मास्तर वर बघून म्हणाला की तुमचं बायबल चुकीचं भाषांतरित आहे, तर काय होईल याचा विचार करा. दुसरी गोष्ट छपाईची. व्हाल्लाची टिपणं पन्नासेक वर्षं हस्तलिखितात पडून होती, त्यांनी कोणाची झोप उडाली नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे 1517, ज्या वर्षी मार्टिन ल्यूथरने चर्चविरुद्ध जाहीर आक्षेप मांडले आणि पुढे प्रोटेस्टंट फूट पडली. ल्यूथरच्या आधी जे बोललं तर विद्वानांचा वाद ठरायचा, तेच नंतर बोललं तर पाखंड ठरायला लागलं. त्यामुळे उत्तरात शहर आणि दशक लिहिल्याशिवाय "संघर्ष" हा शब्द वापरू नका असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

1504 मध्ये लूवेनजवळच्या पार्क मठाच्या लायब्ररीत डच विद्वान इरॅस्मसला व्हाल्लाच्या टिपणांचं हस्तलिखित सापडलं, आणि पुढच्याच वर्षी त्याने ते पॅरिसमध्ये छापलं. प्रस्तावनेत त्याने मुद्दा मांडला की बायबलचं भाषांतर करणं हे भाषेच्या जाणकाराचं काम आहे, आणि सगळ्या विद्यांची राणी थिऑलॉजी तिची दासी व्याकरण हिच्याकडून सेवा घ्यायला लाजणार नाही. वाक्य नम्र आहे पण मागणी मोठी आहे. इरॅस्मस स्वतः पॅरिसच्या मोंतेग्यू कॉलेजात शिकलेला, तिथल्या थिऑलॉजीच्या वर्गांना कंटाळलेला, आणि पदवी म्हणाल तर 1506 मध्ये तुरीनला थोडक्या दिवसांत थिऑलॉजीची डॉक्टरेट मिळवून आलेला. पॅरिसमध्ये ज्यांनी त्याच पदवीसाठी तारुण्य घालवलं त्यांना त्याच्याबद्दल काय वाटत असेल ते समजून घ्या, त्यात नुसता मत्सर नव्हता, हा माणूस आमच्या शिस्तीतून गेलेलाच नाही ही खरीखुरी तक्रार होती.

1514 मध्ये लूवेनचा तरुण थिऑलॉजियन मार्टेन फान डॉर्प याने इरॅस्मसला पत्र लिहिलं. एकतर "मूर्खपणाची स्तुती" या पुस्तकात तू थिऑलॉजियनांची केलेली थट्टा आवडली नाही, आणि दुसरं म्हणजे नवा करार ग्रीकवरून दुरुस्त करायचा तुझा बेत सोडून दे. कारणं ऐकण्यासारखी आहेत. इतकी शतकं सगळं चर्च व्हल्गेट वापरतंय, धर्मपरिषदांनी त्यावरून निर्णय दिले, ते चुकीचं निघालं तर त्या निर्णयांचं काय? आणि ग्रीक चर्च तर आपल्यापासून फुटलेलं, मग त्यांची हस्तलिखितं आपल्यापेक्षा शुद्ध राहिली हे कशावरून? हे बावळट आक्षेप नाहीत. दुसरा तर आजही कुठल्याही पाठचिकित्सकाला (जुन्या प्रती ताडून मूळ शब्द ठरवणाऱ्याला) विचारावा असा आहे: तुझी जुनी प्रत खरंच जास्त विश्वासार्ह आहे का? इरॅस्मसने 1515 मध्ये सविस्तर उत्तर दिलं, थॉमस मोरनेही मित्राच्या बाजूने डॉर्पला लांब पत्र लिहिलं, आणि डॉर्प शेवटी बराच नरमला.

1516 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला फ्रोबेनच्या छापखान्यातून इरॅस्मसचा नवा करार आला, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला त्याचं स्वतःचं लॅटिन, मागे टिपणं. अर्पण कोणाला? पोप लिओ दहावा याला. काम घाईचं होतं. प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या, पुस्तकासाठी त्याच्याकडे एकच ग्रीक हस्तलिखित होतं, जर्मन हिब्रूपंडित रॉइखलिनकडून उसनं आणलेलं, त्याचं शेवटचं पान गायब, म्हणून शेवटच्या ओळी त्याने व्हल्गेटमधल्या लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये करून घातल्या. मूळ प्रत पवित्र मानणाऱ्या माणसाने असं केलं हे त्याच्या विरोधकांनी वापरलंच, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

आता एका वाक्याने काय होऊ शकतं ते बघा. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणारा योहान लोकांना जे म्हणतो ते व्हल्गेटमध्ये "पेनितेन्तियाम आगिते" असं होतं, म्हणजे "प्रायश्चित्त करा", आणि प्रायश्चित्त हा तर चर्चचा संस्कार, कबुली द्यायची, धर्मगुरूने सांगितलेली शिक्षा भोगायची. इरॅस्मसने ग्रीक शब्द दाखवला, "मेतानोइआ", मन पालटणं, शुद्धीवर येणं. संस्कार मोडायचा त्याचा हेतू नव्हता, पण संस्काराला जिथून आधार दिला जायचा तो शब्द तिथे तो अर्थ देत नाही एवढं त्याने दाखवलं. ल्यूथरच्या 1517 च्या पंचाण्णव कलमांमधलं पहिलंच कलम याच वाक्यावर आहे.

याहून नाजूक प्रकरण योहानच्या पहिल्या पत्राचं. पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत असं स्पष्ट सांगणारी ओळ व्हल्गेटमध्ये होती, ग्रीक हस्तलिखितांत इरॅस्मसला ती सापडेना. 1516 आणि 1519 च्या एडिशनमध्ये त्याने ती घातली नाही. इंग्लंडच्या एडवर्ड लीने आणि स्पेनच्या स्तुनिकाने हल्ला चढवला की हा तर त्रैक्यच (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत) नाकारतोय. मग ती ओळ असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं आणि 1522 च्या तिसऱ्या एडिशनमध्ये त्याने ओळ घातली, टिपणात शंका नोंदवून. आज त्या ओळीला मूळ मानणारे पाठचिकित्सक जवळपास नाहीत. पण तुम्ही 1519 मधल्या थिऑलॉजियनच्या जागी बसून बघा, धर्माचा सगळ्यात वरचा सिद्धांत आणि त्याची सगळ्यात स्पष्ट ओळ एका व्याकरणवाल्याने खोडलेली, तेव्हा ही केवळ प्रूफची दुरुस्ती आहे असं मानणं त्याला शक्य होतं का?

रॉइखलिनचं नाव आलंच आहे तर त्याचं प्रकरण थोडक्यात, कारण पाठ्यपुस्तकात ते या वादाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून येतं. ज्यूंची पुस्तकं जप्त करून नष्ट करावीत या मोहिमेवर सम्राटाने मत मागितलं तेव्हा या कायदेपंडिताने विरोध केला, कोलोनचे थिऑलॉजियन त्याच्यामागे लागले, खटला वर्षानुवर्षं चालला आणि 1520 मध्ये रोमने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. दरम्यान 1515 मध्ये त्याच्या चाहत्यांनी थिऑलॉजियनांच्या नावाने मुद्दाम भिकार लॅटिनमध्ये बनावट पत्रं छापून त्यांची धिंड काढली, 1517 मध्ये दुसरा भाग आला. पण मुळात ते प्रकरण ज्यूंबद्दलच्या द्वेषाचं होतं, त्याला "ह्युमॅनिस्ट विरुद्ध स्कोलॅस्टिक" हा रंग त्या पत्रांनी दिला. ती पत्रं ज्याला उद्देशून लिहिली तो ऑर्ट्विन ग्राटियुस स्वतः चांगला ह्युमॅनिस्ट शिक्षण घेतलेला माणूस होता. त्यामुळे हे उदाहरण देणार असाल तर जपून.

पॅरिसमध्ये मात्र वाद जिवावर गेला. थिऑलॉजी फॅकल्टीचा नोएल बेदा, पूर्वी मोंतेग्यू कॉलेजचाच प्रमुख, त्याचं म्हणणं असं की व्याकरणाच्या मास्तरांनी ग्रीक-हिब्रूच्या नावाखाली थिऑलॉजीत हात घालू नये. फॅकल्टीने इरॅस्मसच्या लिखाणातली वाक्यं निषिद्ध ठरवली, आणि इरॅस्मसची पुस्तकं फ्रेंचमध्ये आणणाऱ्या लुई द बेर्कँला 1529 मध्ये पॅरिसमध्ये जाळण्यात आलं. दुसऱ्याच वर्षी राजा फ्रान्स्वा पहिला याने ग्रीक आणि हिब्रू शिकवायला स्वतःच्या पगारावर अध्यापक नेमले, थेट, युनिव्हर्सिटीला वळसा घालून. 1534 मध्ये बेदाने त्यांना कोर्टात खेचलं की फॅकल्टीच्या परवानगीशिवाय हे बायबल कसं शिकवतात. अधिकाराचा वाद म्हणजे काय ते या खटल्यात उघडं दिसतं, कारण इथे कुठला सिद्धांत चूक हे कोणी विचारत नाहीये, परवाना कोणी द्यायचा एवढंच विचारलं जातंय.

इथवर तुम्हाला वाटेल की मी ह्युमॅनिस्टांच्या बाजूची आहे. भाषेच्या मुद्द्यावर आहेच, मूळ भाषा न येता त्या ग्रंथावर शेवटचा शब्द सांगणं मला कधीच पटलेलं नाही. पण स्कोलॅस्टिकांनी एक प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर ह्युमॅनिस्टांकडे नव्हतं. शब्दाचा अर्थ लावून झाला, मग पुढे? दोन चांगले ग्रीकचे जाणकार एकाच ओळीवर भांडले तर निवाडा कशाने करायचा? 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला नेमकं हेच घडलं. ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक त्स्विंग्ली समोरासमोर बसले, दोघांकडे ग्रीक बायबल, दोघेही इरॅस्मसच्या एडिशनवर वाढलेले. पंधरा कलमांपैकी चौदा जुळली आणि पंधरावं "हे माझं शरीर आहे" या, शेवटच्या भोजनात येशूने भाकरीबद्दल म्हटलेल्या, वाक्यावर फुटलं, ल्यूथर म्हणे "आहे" म्हणजे आहे, त्स्विंग्ली म्हणे "आहे" म्हणजे दर्शवतं. व्याकरण तिथे थांबतं. त्यापुढे वस्तू म्हणजे काय, खूण म्हणजे काय, उपस्थिती म्हणजे काय असे प्रश्न लागतात, आणि ते तर स्कोलॅस्टिक वर्गातले प्रश्न! स्वतः इरॅस्मसने 1524 मध्ये ल्यूथरविरुद्ध इच्छास्वातंत्र्यावर लिहिलं तेव्हा ग्रंथात हा मुद्दा स्पष्ट होत नाही, चर्चने जे मानलंय ते मी मानतो, अशा जागी तो येऊन थांबला.

मग जिंकलं कोण? इरॅस्मसची सगळी पुस्तकं 1559 च्या रोमच्या बंदी यादीत गेली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1546 मध्ये व्हल्गेट हेच अधिकृत ठरवलं, पण त्याच बैठकीत ते शक्य तितकं दुरुस्त करून छापा असंही सांगितलं, आणि 1592 मध्ये जी सुधारित प्रत आली ती हस्तलिखितं ताडूनच तयार झाली. स्पेनमधल्या सालामान्कात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया पॅरिसमध्ये शिकून आला, लोम्बार्डऐवजी अक्वायनस शिकवायला लागला, आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांवर 1539 मध्ये जी व्याख्यानं दिली ती शुद्ध स्कोलॅस्टिक पद्धतीची होती. स्कोलॅस्टिक विद्या मेली असं लिहिणाऱ्यांनी व्हितोरियाकडे बघावं. जेझुइट या कॅथलिक साधुसंघाने तर दोन्ही एकाच शाळेत आणलं, त्यांच्या 1599 च्या अभ्यासक्रमात आधी लॅटिन-ग्रीक साहित्य आणि वक्तृत्व, मग ॲरिस्टॉटल, मग अक्वायनस.

आणि हा धागा आपल्यापर्यंत येतो. जेझुइट संघ उभा करणाऱ्यांपैकी इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर हे दोघे 1530 च्या आसपासच्या त्याच पॅरिसमध्ये शिकत होते, झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला. त्याच जेझुइट संघातला थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला, इथली भाषा आतून शिकला आणि बायबलची कथा मराठी ओवीत लिहिली, ते ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं. त्याने आक्षेप-उत्तरांची लॅटिन प्रकरणं मराठीत आणली नाहीत, इथल्या लोकांच्या कानाला ओळखीच्या पुराणाच्या घाटात सांगितलं. ऐकणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या मनाला भिडेल असं बोलायचं ही शिकवण जेझुइट शाळांच्या वक्तृत्वाच्या वर्गात रुजलेली होती असं मी वर्गात सांगते. त्या काळात गोव्यात धर्माच्या नावाने जी बळजबरी चालली होती ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे, ती या कौतुकात झाकली जाऊ नये.

राहिला परीक्षेचा प्रश्न. "देवाऐवजी माणूस" हे वाक्य टाकू नका. पहिल्या परिच्छेदात लिहा की वाद साधनाचा आणि अधिकाराचा होता, मग पेट्रार्कची तक्रार, व्हाल्ला, 1516 चा नवा करार हे क्रमाने घ्या, डॉर्पचे आक्षेप त्याच्याच बाजूने मांडा, इटली आणि उत्तर युरोप यातला फरक सांगा, आणि पिको किंवा व्हितोरिया यांच्यापैकी एक उदाहरण देऊन दाखवा की रेघ इतकी सरळ नव्हती. दहा मार्कांना एवढं पुरतं. वीस मार्कांना असेल तर मारबुर्ग घाला. वाचायला सुरुवात करायची तर मोठे इतिहासग्रंथ नंतर, आधी डॉर्प आणि इरॅस्मस यांची पत्रं इंग्रजी भाषांतरात मिळतात ती काढा, आणि डॉर्पचं पत्र पहिल्यांदा वाचा, इरॅस्मसचं उत्तर दुसऱ्या दिवशी.